म्हातारीचं धुणं

लोकर खरी की नकली हे ओळखायची एक साधी रीत आहे. एक धागा चिमट्यात धरायचा आणि मेणबत्तीवर न्यायचा. खरी लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडली की राख होते. नकली असेल तर धागा वितळतो आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. त्या वर्षी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर अशा काळ्या मण्यांची एक वाटी भरली होती.

यशवंतपूरजवळच्या आमच्या सोसायटीत मी लिफ्टशेजारी एक खोका ठेवला होता. 'नको असलेले लोकरीचे कपडे इथे टाका' अशी चिठ्ठी त्यावर इंग्रजीत आणि कानडीत लिहिली होती. लोक टाकतही होते. दिल्लीहून, पुण्याहून, नागपूरहून इथे नोकरीला आलेली माणसं सोबत स्वेटर घेऊन येतात आणि बेंगळुरात ते डिसेंबरच्या चार सकाळी सोडल्या तर कपाटातच राहतात. खोका दर आठवड्याला भरायचा. पण दहातले नऊ स्वेटर नकली निघायचे आणि मला खरी लोकरच हवी होती. गरम पाणी, साबण आणि भरपूर घुसळण मिळाली की फक्त खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट अडकतात, आटतात आणि त्यांचं जाड फेल्ट होतं. मग ते कात्रीने कसंही कापा, धागा सुटत नाही.

हे मी शिकले स्कॉटलंडमध्ये. नवऱ्याला तिथल्या एका मासळीच्या कंपनीत दोन वर्षांचं संगणकाचं काम मिळालं होतं. मी माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेले. पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं गाव होतं, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथल्या मेंढ्यांची लोकर भरड, तिला गिऱ्हाईक नाही. शेतकरी ती पोत्यांत भरून चर्चच्या सभागृहाच्या दाराशी आणून ठेवायचे आणि आम्ही आठ-दहा बायका तिचं फेल्ट करून त्यातून चित्रं करायचो. आम्हाला शिकवायची ती एक निवृत्त नर्स होती. साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती गोष्टी सांगायची.

त्यातली एक माझ्या मनात राहिली. कॅल्याख नावाच्या म्हातारीची. त्या नावाचा अर्थच म्हातारी असा. ती हिवाळ्याची मालकीण. निळसर चेहरा, एकच डोळा, अंगावर भलीमोठी घोंगडी. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला ती आपली घोंगडी दोन बेटांमधल्या समुद्राच्या भोवऱ्यात धुवायला नेते. तीन दिवस धुते. त्या धुण्याचा आवाज लांबच्या गावांपर्यंत ऐकू जातो. घोंगडी पांढरीशुभ्र झाली की ती डोंगरांवर वाळत घालते आणि तोच तिथला बर्फ.

बेंगळुरूला परत आल्यावर दोनेक वर्षांनी मल्लेश्वरमच्या एका छोट्या हॉलमध्ये टाकाऊ वस्तूंतून केलेल्या कलाकामांचं प्रदर्शन ठरलं. ओळखीतून मला विचारणा झाली. मी उत्साहाच्या भरात सांगून बसले की मला एक अख्खी भिंत द्या, मी आठ फुटांची म्हातारी करते. भिंत मिळाली. प्रदर्शनाला सात आठवडे उरले तेव्हा माझ्याजवळ जेमतेम म्हातारीच्या डोक्यापुरती लोकर होती.

अशात माझ्या चुलतवहिनीचा फोन आला.

"अक्कांच्या दोन ट्रंका आहेत," ती म्हणाली. "नुसते जुने स्वेटर भरलेत. घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. तुला लोकर लागते ना? घेऊन जा, नाहीतर मी कुठल्यातरी आश्रमाला देऊन टाकते."

अक्का म्हणजे माझी आत्या. माझे वडील तिला अक्का म्हणत, म्हणून घरातली सगळीच अक्का म्हणू लागली. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कोणतं यावर घरात अजून वाद होतात आणि आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की पुण्याची माणसं ऐकून हसतात. अक्काने लग्न केलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, मल्लेश्वरमला दोन खोल्यांत एकटी राहिली आणि जन्मभर विणलं. ती डावखुरी. त्यामुळे तिच्या स्वेटरवरची वेणीची वीण इतरांच्या उलट, डावीकडे वळायची. चार दोरांवर चार स्वेटर वाळत असले तरी अक्काचा कोणता ते लांबून कळायचं. रंग बहुतेक पांढरा नाहीतर राखाडी. "हे रंग कुणालाही सरी होतात," ती म्हणायची. सरी म्हणजे ठीक, बरोबर.

तिचा एक नियम होता. स्वेटर आखूड झाला की तो तिला परत द्यायचा. फेकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. ती तो उसवायची, लोकर धुऊन सरळ करायची, त्यात थोडी नवी घालायची आणि पुढच्या मापाचा विणायची. माझा चौथीतला स्वेटर मी सातवीत असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर वेगळाच होऊन आला होता.

ऐंशी उलटल्यावर ती घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि चुलतभाऊ तिला जयनगरला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला.

"अक्काला विचारलंस का?" मी वहिनीला विचारलं.

"त्यांना आता काय आठवतंय," वहिनी म्हणाली. "सकाळी काय खाल्लं ते विसरतात."

मी 'बरं' म्हणाले. अक्काला मी दर रविवारी फोन करत होते. सकाळचा नाश्ता ती विसरायची हे खरं, पण तिच्या ऑफिसातल्या बायकांची नावं, कुणाला किती मापाचा स्वेटर लागला होता, हे सगळं तिला पाठ होतं, हे मला माहीत होतं. त्या रविवारीही मी फोन केला. हवेबद्दल बोललो, तिच्या व्यायामाबद्दल बोललो. ट्रंकांचं नाव मी काढलं नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल अशी भीती होती. न विचारण्याचं कारण एवढंच.

रिक्षाने ट्रंका घरी आणल्या. पहिली उघडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला आणि आत घड्या करून ठेवलेले पांढरे-राखाडी स्वेटर. मी एक धागा काढून जाळला. राख झाली. दुसऱ्यातून काढला. राख. मला इतका आनंद झाला की मी लगेच नवऱ्याला फोन करून सांगितलं.

मग दिसलं की प्रत्येक स्वेटरच्या आत सेफ्टी पिनेने एक कागदाचा तुकडा लावलाय. त्यावर पेन्सिलीने अक्काचं बारीक अक्षर. 'उसवून छाती ३०.' 'बाह्यांची लोकर विरली, नवी दोन लड्या.' 'कॉलरसाठी ठेवणे.' एका राखाडी स्वेटरवर लिहिलं होतं: 'थोरलीच्या लेकीला, कॉलेजला जाईल तेव्हा. हात लांब ठेवणे.'

थोरली म्हणजे मी. माझ्या मुलीचे हात खरंच लांब आहेत. ती तेव्हा अकरावीत होती.

सगळे कागद मी वाचले. नीट, एकेक करून. मी घाईत होते, माझ्या लक्षात आलं नाही, असं मला आज म्हणता येणार नाही. मी पिना काढल्या, एका डबीत ठेवल्या आणि कागद ओल्या कचऱ्याच्या डब्यात नको म्हणून कोरड्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. एवढी काळजी घेतली.

त्या ट्रंकेतले स्वेटर मशीनमध्ये घातले, पाणी जितकं गरम करता येईल तितकं केलं. सोबत दोन जुन्या जीन्स टाकल्या, म्हणजे घुसळण चांगली होते. बाहेर काढले तेव्हा मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या अंगाला येईल एवढा झाला होता. बोटभर जाड, मऊ, आणि टाके दिसेनासे झालेले. फक्त वेण्यांचे उंचवटे पुसट राहिले होते. ते पाहून मला सुचलं की हे उंचवटे म्हणजे भोवऱ्याचं पाणी. मी पट्ट्या कापल्या आणि गोल गोल लावत गेले. पुढचे सहा आठवडे मी झपाटल्यासारखं काम केलं. इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही. हेही सांगायला हवं, कारण ते खरं आहे.

प्रदर्शनात शेजारच्या कार्डावर मी नाव लिहिलं: 'म्हातारीचं धुणं. स्कॉटिश लोककथेवरून. माध्यम: नको असलेली लोकर.' कार्ड इंग्रजीत आणि कानडीत होतं.

पहिल्याच दिवशी बरीच माणसं आली. एका डिझाइन कॉलेजात शिकवणाऱ्या बाई भोवऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, हे पाणी असं एका बाजूला वळल्यासारखं कसं दिसतं? डोळा आपोआप डावीकडे ओढला जातो.

मी काहीतरी सांगत होते तेवढ्यात दारातून वहिनी आली. पुढे चाकाची खुर्ची ढकलत. खुर्चीत अक्का. इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा छोटा गजरा. मी त्यांना बोलावलं नव्हतं. वहिनीला वाटलं, मला आनंद होईल.

"बघा अक्का, आपल्या थोरलीने काय केलंय ते," वहिनी म्हणाली.

अक्काने चष्मा पुसला. खुर्ची भिंतीच्या अगदी जवळ न्यायला सांगितली. वर म्हातारीच्या चेहऱ्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. खाली, तिच्या हाताच्या उंचीवर भोवऱ्याची कडा होती. तिने अंगठा त्या उंचवट्यावरून हळूहळू फिरवला, आधी एका पट्टीवर, मग दुसऱ्या. मग हात मांडीवर ठेवून ती कार्ड वाचायला लागली. ती इंग्रजीत तीस वर्षं टेलिफोनवर बोललेली बाई. सगळं कार्ड तिने वाचलं.

"ही वेणी डावीकडे वळते," ती मला म्हणाली. मराठीत, हळू आवाजात.

माझ्या शेजारी त्या कॉलेजातल्या बाई उभ्या होत्या. त्यांना मराठी येत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

"अक्का, ही बाजारातली लोकर आहे," मी म्हणाले. "यशवंतपूरच्या एका गोदामातून जुने स्वेटर आणले होते. ढिगाने मिळतात तिथे."

अक्का माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्वच्छ झाले होते.

"हं," ती म्हणाली. "असेल."

कॉलेजातल्या बाईंनी वाकून तिला नमस्कार केला आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्हीही विणकाम करता का?"

"नाही," अक्का इंग्रजीत म्हणाली. "मी टेलिफोन ऑफिसात होते."

मग ती वहिनीला म्हणाली, "स्वल्प थकले गं. जाऊया." त्या गेल्या. वहिनीने दारातून वळून मला अंगठा वर करून दाखवला, छान झालंय म्हणून.

त्यानंतर तीन आठवडे मी जयनगरला गेले नाही. रविवारचे फोनही चुकवले. पहिल्या रविवारी प्रदर्शन होतं हे कारण होतं, दुसऱ्या रविवारी मुलीचा क्लास, तिसऱ्याला मी कारणसुद्धा शोधलं नाही. लोक मेसेज पाठवून अभिनंदन करत होते. प्रत्येक मेसेज वाचला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मी खोटं बोलले होते हे एक. पण मला वाचवायला ती खोटं बोलली, आणि तेही स्वतःच्या जन्मभराच्या कामाबद्दल, हे मला सहन होत नव्हतं. चार लोकांत माझी लाज राहावी म्हणून तिने आपण विणत नाही असं सांगितलं होतं.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी मी मेट्रोने गेले. भाऊ-वहिनी कामावर होते. अक्का खिडकीशी बसली होती. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईने दार उघडलं आणि ती भाजी चिरायला आत गेली.

"आलीस? बस," अक्का म्हणाली.

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ट्रंका, फोन, मशीन, आणि तिथे खोटं बोलले ते. कागदांचंही सांगितलं. ते सांगताना मला रडू फुटलं, पण तिने मला रडू दिलं आणि उगी म्हणाली नाही.

"पहिला हात लावला तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू विचारलं असतंस तर मी दिली असती का?"

"माहीत नाही."

"दिली नसती. ते तुला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाहीस. बुद्धीने चाललीस की."

तिने हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

मी पिशवीतून फेल्टचे उरलेले तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले. का आणले होते कोण जाणे. काहीतरी परत द्यावं असं वाटलं असणार. तिने एक तुकडा उचलला, टेबलावरची सुई घेतली आणि कडेला टोचून धागा उचकटायला लागली. बराच वेळ प्रयत्न केला. दुसऱ्या बाजूने केला. सुईच्या टोकाला नुसता कापसासारखा पुंजका आला.

"हे उसवत नाही," ती म्हणाली.

"नाही अक्का. एकदा झालं की परत नाही होत."

"मी लोकर का घेत होते? कापड का नाही शिवलं?" तिने तुकडा खाली ठेवला. "लोकर उसवता येते. चुकलं तर उसवा, वाढलं तर उसवा. तू ते काढून घेतलंस. स्वेटर गेले त्याचं काही नाही, स्वेटर जुनेच होते."

मी तुकडे परत पिशवीत भरायला लागले.

"आणि ते कार्ड," ती म्हणाली. "नको असलेली लोकर. बेडा, नको म्हणून कुणी सांगितलं तुला? कुणाला नको होती?"

मी म्हणाले की मी कार्ड बदलते. तसं ठरवूनच गेले होते. एका संस्थेने ते काम आपल्या दालनात कायमचं लावायला मागितलं होतं. तिथे मी नवीन कार्ड लावणार होते, विणकाम अक्काचं असं स्पष्ट लिहून. मला वाटत होतं, एवढ्याने थोडं तरी भरून निघेल.

"माझं नाव घालू नकोस," अक्का म्हणाली.

"पण अक्का, ते काम तुझं आहे."

"माझं काम तू मिटवलंस. टाके दिसतात का त्यात? आता त्याच्यावर माझं नाव लावतेस? साकु." साकु म्हणजे पुरे. लहानपणी आम्ही फार बोललो की ती हाच शब्द वापरायची आणि तो ऐकला की पुढे कुणी बोलत नसे.

मग तिनेच विचारलं, "ती म्हातारी कोण पण?"

मी गोष्ट सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. घोंगडी वाळत घातल्यावर बर्फ होतो, हे ऐकून तिने मान हलवली.

"तोपर्यंत ती काय पांघरते?" तिने विचारलं.

नर्सबाईंनी ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

संस्थेला मी नकार कळवला. त्यांना कारण सांगितलं नाही, नुसतं काम देता येणार नाही एवढं लिहिलं, आणि त्या लोकांना माझा राग आला. ती आठ फुटी म्हातारी आता गुंडाळून आमच्या कपाटामागे उभी आहे. लिफ्टजवळचा खोका मी उचलला. दुसरी ट्रंक, जिला मी हात लावला नव्हता, ती जयनगरला पोचवली. वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या, "आता ही कुठे ठेवू?" म्हणाली, आणि शेवटी अक्काच्या पलंगाखाली सरकवली.

अक्का आता रोज त्यातला एक स्वेटर काढून उसवते. बोटं दुखतात म्हणून दिवसाला थोडंच. पुन्हा विणणं तिला जमेलसं वाटत नाही, पण उसवून लड्या करून ठेवते. मी गुरुवारी जाते. माझ्याशी ती नीट बोलते, कॉफीत साखर जास्त झाली म्हणून सांगते, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करते. लडी करायची असली की समोर कुणीतरी दोन्ही हात पुढे करून बसावं लागतं, म्हणजे धागा त्यांच्याभोवती गुंडाळता येतो. गेल्या गुरुवारी मी हात पुढे केले. अक्काने माझ्या हातांकडे पाहिलं आणि आतल्या बाईला हाक मारली. बाई भाजीचे हात पुसत आली, समोर बसली. मी उठून तिला जागा दिली आणि आत जाऊन उरलेली भाजी चिरली.